प्रेमलाबाईंच्या आवाजातली साक्ष

प्रेमला रणपिसे आमच्या कोथरूडच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि आम्ही बाकीचे सगळे पंचविशीच्या आतबाहेर होतो. दोन हजार साल सरत आलं होतं. परदेशी कंपन्यांची सॉफ्टवेअरं निरनिराळ्या भाषांत करून देणं हा आमचा धंदा. मी जर्मन करत असे. खिडकीजवळच्या टेबलावर प्रेमलाबाई रशियन करू लागल्या. पहिल्या दिवशी आमचा मालक अनिरुद्ध त्यांना हौसेनं संगणक समजावून सांगायला लागला, "मॅडम, याला माउस म्हणतात." बाई म्हणाल्या, "ओळख करून दिलीत, बरं झालं. आता काम सांगा."

त्या मूळच्या खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात कामगार. छप्पन साली त्यांनी धम्म स्वीकारला, आणि तेव्हापासून घरात एकच हट्ट होता, मुलांनी शिकायचं. प्रेमलाबाई कॉलेजात होत्या त्या काळी रशियन पुस्तकांची गाडी पुण्यात यायची. जाडजूड, सुंदर चित्रांची पुस्तकं अगदी स्वस्तात मिळायची. बाई त्या पुस्तकांच्या नादानं रशियनच्या वर्गाला बसल्या आणि तिथेच रमल्या. पुढे एका कंपनीत रशियन यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करायची नोकरी लागली. धाकट्या दोन भावांची शिक्षणं, आईचं आजारपण, यात लग्न राहून गेलं. हे त्या स्वतःच सांगायच्या, गाठोड्यात एखादी वस्तू राहून जावी तसं. रशियाला जाण्याची एक संधी आली होती, तीही आईच्या आजारपणात गेली.

मग एक्क्याण्णव उजाडलं. इकडे आपली बाजारपेठ खुली झाली आणि तिकडे सोव्हिएत संघ मोडला. कंपनीनं जर्मन भागीदार धरला आणि बाईंची नोकरी गेली. "मला येत होती ती भाषा राहिली, देश गेला," असं बाई म्हणायच्या. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत त्यांनी शिकवण्या घेतल्या. रशियाला डॉक्टरकी शिकायला जाणारी मुलं यायची, तेवढ्यावर दिवस निघाले. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला 'जतन करा', 'रद्द करा', 'पुन्हा प्रयत्न करा' अशी वाक्यं आली. त्यांनी तीसुद्धा मन लावून केली.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात एक जोडपं त्यांची चौकशी करत ऑफिसात आलं. मुनव्वर हुंडेकरी आणि त्यांची बायको मदिनाबी. मुनव्वरभाईंचं खडकी बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि मदिनाबी गल्लीतल्या लहान मुलांची बालवाडी चालवायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अल्ताफ दक्षिण रशियातल्या एका शहरात डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होता. आदल्या शरदात तिथल्या रविवारच्या बाजारात बाँबस्फोट झाला. त्यात गेलेल्यांत अल्ताफ होता. त्याला आणून खडकीच्या कब्रस्तानात दफन केलं होतं. आता तिकडच्या पोलिसांचे कागद आले होते, सगळे रशियनमध्ये.

बाईंनी कागद चाळले. एका पानावर थांबल्या.

"यात डॉक्टरांचा अहवाल आहे," त्या म्हणाल्या. "मला तो वाचायलाच हवा. तुम्ही ऐकायलाच हवा असं नाही."

मुनव्वरभाई उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. मदिनाबी हलल्या नाहीत. "वाचा," त्या म्हणाल्या. "चार वर्षं त्यानं हेच शिकून घेतलं. त्याच्याबद्दल जे लिहिलंय ते मला कळू द्या."

प्रेमलाबाईंनी सगळं वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. अल्ताफला फार वेळ यातना झाल्या नसाव्यात, असं शेवटी लिहिलं होतं. ते वाक्य मदिनाबींनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि बराच वेळ नुसता हातात धरून ठेवला. त्या दिवशी बाईंनी पुढे काही काम केलं नाही. मी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

तेव्हापासून जाणंयेणं सुरू झालं. बाई रविवारी विश्रांतवाडीहून बसनं खडकीला जायच्या. कधी कागद निमित्ताला असायचे, कधी नसायचे. त्या मदिनाबींना भाभी म्हणू लागल्या आणि मदिनाबी त्यांना प्रेमलाताई. अल्ताफच्या बोलण्यातून मदिनाबींना पाचपन्नास रशियन शब्द ठाऊक झाले होते. कोथिंबिरीला तिथे 'किंझा' म्हणतात, हा त्यांचा आवडता शब्द. "पहिल्या वर्षी फोन करून ओरडला होता, अम्मी, इथे कोथिंबीर मिळते. जणू हिरा सापडला."

कडू दिवसही होते. स्फोट म्हटला की लोकांचे चेहरे बदलायचे. चौकशीला आलेल्या एका हवालदारानं विचारलं, "तुमचा मुलगा तिकडे नेमका कशाला गेला होता?" मरण पावलेल्यांत तो आहे हे कागदावर लिहिलेलं असूनही विचारलं. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईनं तेच जरा गोड शब्दांत विचारलं. मुनव्वरभाईंनी ते मनाला लावून घेतलं. दुकानात बसणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि दोन वर्षांत तेही गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी बातमी आली. बाजारात बाँब ठेवणाऱ्या टोळीतला मुख्य माणूस सापडला होता, पण रशियात नाही. तो नाव बदलून दुसऱ्याच देशात राहत होता.

त्या रविवारी मी बाईंबरोबर खडकीला गेले होते. मदिनाबींनी शीरखुर्म्याच्या वाट्या पुढे ठेवल्या आणि सरळ विचारलं, "आता तो देश त्याला सोडून देईल ना? त्यांना काय पडलंय? ना माझा मुलगा त्यांचा, ना तो बाजार त्यांचा."

"सोडता येणार नाही," बाई म्हणाल्या. "सत्त्याण्णव साली संयुक्त राष्ट्रांत एक करार झालाय, अशा बाँबस्फोटांबद्दल. आपण सही केलीय, रशियानं केलीय, त्या देशानंही केलीय."

"त्यात काय लिहिलंय?"

"बरंच लिहिलंय. पण मुद्दा सोपा आहे. असं कृत्य करून आलेल्या माणसाला कुणी आसरा द्यायचा नाही. एकतर ज्यांच्याकडे गुन्हा घडला त्यांच्या हवाली करायचं, नाहीतर आपल्या कोर्टात उभं करायचं. तिसरी वाट नाही. मी राजकारणासाठी केलं, असं म्हणूनही सुटता येत नाही. आणि खटल्याला लागेल तो पुरावा, साक्ष, सगळ्या देशांनी एकमेकांना द्यायची."

"आणि सही करून कुणी पाळलं नाही तर?"

बाईंनी वाटी खाली ठेवली. "तर फारसं काही करता येत नाही, भाभी. त्यांना लाज वाटावी एवढंच."

मदिनाबींनी ती वाटी पुन्हा भरली. "लग्नाची बोलणी असतात तसंच झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "शब्दावर चालतं. तरी बहुतेक लग्नं होतात."

तो देश शब्दाला जागला. वर्षभर वकिलांची भवति न भवति झाली, माणूस म्हणत राहिला की आपण राजकीय कार्यकर्ते आहोत, आणि शेवटी त्याला रशियाच्या हवाली केलं गेलं. खटला उभा राहिला. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात पुण्याच्या कोर्टाकडे विनंती आली, मृताच्या आईची साक्ष व्हिडिओवरून नोंदवून घ्यावी. दुभाषी म्हणून रशियन आणि मराठी दोन्ही पक्कं येणारं माणूस हवं होतं. कोर्टानं शोध घेतला आणि तो प्रेमलाबाईंपाशी येऊन थांबला. बाईंनी आधीच कळवलं, मी या कुटुंबाला ओळखते, त्यांच्या कागदांचं भाषांतर मीच केलंय. तिकडच्या न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना विचारलं. कुणाची हरकत आली नाही.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी बाई ऑफिसात जरा अस्वस्थ होत्या. मी विचारलं, "भीती वाटतेय?"

"भाषेची नाही," त्या म्हणाल्या. "दुभाष्याला एक नियम असतो. 'त्या म्हणतात' असं म्हणायचं नसतं. साक्षीदार जे बोलेल ते 'मी' म्हणूनच बोलायचं. वकील बोलेल तेही तसंच. आपलं असं काही घालायचं नाही, काही काढायचं नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्या वकील काय विचारेल कोण जाणे. ते मलाच भाभींना विचारावं लागणार."

शिवाजीनगरच्या कोर्टातली ती खोली लहान होती. एक न्यायाधीश, दोन कर्मचारी, भिंतीपाशी मोठा टीव्ही, त्यावर कॅमेरा. मी मदिनाबींना सोबत म्हणून गेले होते. मला मागच्या बाकावर बसू दिलं. पडद्यावर तिकडची कोर्टाची खोली दिसत होती. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. एका बाजूला आरोपीसाठीच्या काचेच्या खोक्यात चष्मा लावलेला, केस विरळ झालेला एक माणूस बसला होता. मदिनाबींनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

बाईंनी शपथ घेतली. तिकडच्या न्यायाधीशबाईंनी कागदावरून वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता अल्ताफचं नाव आलं आणि मदिनाबींनी मान वर केली.

"काय म्हणाल्या त्या? गुंडेकरी?"

बाईंच्या लक्षात आलं. रशियनमध्ये आपला 'ह' नाही. जुन्या रीतीनं तिकडे ह च्या जागी ग लिहितात. कागदोपत्री हुंडेकरीचं गुंडेकरी झालं होतं. भाषांतर करताना बाईंच्या हातून सवयीनं हुंडेकरीच उतरत गेलं, त्यामुळे मदिनाबींच्या कानावर ते कधी पडलंच नव्हतं.

"हे माझ्या मुलाचं नाव नाही," मदिनाबी शांतपणे म्हणाल्या. "त्यात गुंड आहे. तो गुंड नव्हता. आधी नाव नीट करा, मग मी बोलते."

बाईंनी हे जसंच्या तसं रशियनमध्ये सांगितलं. मग परवानगी घेऊन, दुभाषी म्हणून वेगळं, दोन वाक्यांत समजावलं की ग ऐवजी ख सारखं एक अक्षर वापरता येईल आणि मराठीत गुंड म्हणजे काय. तिकडे थोडी कुजबुज झाली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, नाव दुरुस्त करायचा हुकूम दिला आणि स्वतः सावकाश म्हणून पाहिलं, "खुंडेकरी."

"घसा साफ केल्यासारखं वाटतं," मदिनाबी म्हणाल्या. "पण चालेल."

बाईंनी त्याचंही भाषांतर केलं. नियम म्हणजे नियम. न्यायाधीशबाई किंचित हसल्या.

मग सरकारी वकिलानं अल्ताफबद्दल सांगायला सांगितलं. मदिनाबी बोलू लागल्या आणि त्यांच्यामागोमाग बाई. माझा मुलगा सातवीत असताना त्यानं पाय मोडलेलं मांजर घरी आणलं. माझा मुलगा वडिलांच्या दुकानात बसून भिंगातून घड्याळाऐवजी स्वतःचं बोट बघत बसायचा. माझा मुलगा थंडीला भ्यायचा, तरी बर्फाच्या देशात गेला. मला रशियन येत नाही, पण 'मोय सिन', म्हणजे माझा मुलगा, एवढे दोन शब्द मी त्या दिवशी शिकले. बाईंच्या तोंडून ते पुन्हा पुन्हा येत होते. सुरुवातीला त्या शब्दांपाशी त्या अडखळत होत्या. नंतर अडखळल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीनंतर आरोपीचा वकील उठला. त्यानं एक प्रश्न विचारला आणि बाई गप्प राहिल्या.

इकडचे न्यायाधीश म्हणाले, "काय झालं? आवाज आला नाही का?"

"आला, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांनी मदिनाबींकडे वळून पाहिलं. चार वर्षं जिच्या घरी त्या रविवारचं जेवल्या, तिच्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं, "मदिनाबी हुंडेकरी, तुमचा मुलगा मुसलमान होता. त्या शहरातल्या कुठल्या धार्मिक संघटनेशी त्याचा संबंध होता का? स्फोट झाला त्या सकाळी, नेमका त्याच वेळी, तो त्या बाजारात कशासाठी गेला होता?"

त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही. मला तो क्षण सोसवला नाही, मी खाली बघितलं. पण मदिनाबींचा आवाज स्थिर होता.

"हे मला पुण्यातही विचारलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतक्या लांबून विचारताय, तर सांगते. आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. वर्गातले चार मित्र जेवायला येणार होते. दोघे त्याच शहरातले, एक केरळचा, एक नायजेरियाचा. खिचडा कसा करायचा, गहू किती भिजवायचे, मटण कधी घालायचं, सगळं विचारून घेतलं. कोथिंबीर शिळी नको, म्हणून सकाळी जाऊन आण, असं मी सांगितलं. तो किंझा आणायला गेला होता. त्याची संघटना म्हणाल तर ती, जेवायला येणारी चार मुलं."

किंझा हा शब्द भाषांतराशिवायच तिकडे पोचला. काचेबाहेर बसलेल्या लोकांमधून एक म्हातारी उठून बाहेर गेली. बाईंनी उत्तर पूर्ण केलं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण वाक्य कुठे तुटलं नाही. वकिलानं पुढचा प्रश्न विचारला नाही.

शेवटी न्यायाधीशबाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मदिनाबींनी विचार केला.

"त्याला वकील मिळालाय, हे मी बघितलं. चांगलं झालं. सगळं नियमानं करा. नंतर कुणी म्हणायला नको की घाईत केलं."

परतताना आम्ही तिघी रिक्षात बसलो. वाटेत सिग्नलला गाड्यांची रांग लागली होती. मग प्रेमलाबाई म्हणाल्या, "भाभी, तो प्रश्न..."

"तुमचा नव्हता," मदिनाबी म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कुणी विचारला असता तर मी कदाचित उठून गेले असते." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "दिवसभर तुम्ही त्याला माझा मुलगा म्हणत होता."

"नियमच आहे तसा."

"असू दे नियम," मदिनाबी म्हणाल्या आणि त्यांनी बाईंचा हात आपल्या मांडीवर घेतला. खडकी येईपर्यंत तो तिथेच होता.

पुढच्या वर्षी निकाल लागला. त्या माणसाला आणि त्याच्या दोन साथीदारांना दीर्घ कैद झाली. बाईंनी निकाल वाचून दाखवला तेव्हा मदिनाबींना आनंदही झाला नाही, दुःखही नाही. त्या म्हणाल्या, "आता फोन वाजला की छातीत धस्स होणार नाही." एवढंच.

त्या शहरानं बाजाराच्या जागी मृतांच्या आठवणीचा दगड बसवला आणि त्यांच्या घरच्यांना बोलावलं, सोबत एक माणूस आणायची मुभा देऊन. मदिनाबींचा एक भाचा यायला तयार होता. त्या म्हणाल्या, "तो येऊन काय करेल? मला प्रेमलाताई हव्यात." अशा रीतीनं प्रेमलाबाई रशियाला गेल्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा.

तिथली हकिकत त्यांनी मला नंतर सांगितली. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या पोरानं त्यांची रशियन ऐकून विचारलं होतं, आजीबाई, तुम्ही पुस्तकातून आलात का? कार्यक्रम झाल्यावर अल्ताफची घरमालकीण, गलीना नावाची बाई, दोघींना आपल्या घरी घेऊन गेली. कोर्टातून उठून गेलेली म्हातारी तीच. तिनं अल्ताफची खोली दाखवली. आता तिथे दुसरा विद्यार्थी राहत होता, त्याची पुस्तकं पसरली होती. मदिनाबींनी दारातूनच बघितली. "छान उजेड आहे," त्या म्हणाल्या.

मग स्वयंपाकघरात तिघी बसल्या. बाई इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत राहिल्या. गलीना अल्ताफच्या खोड्या सांगत होती, मदिनाबी विचारत होत्या, ताप आला तेव्हा कोण बघायचं, रात्री उशिरा यायचा का. बोलता बोलता गलीनानं आपल्या लेकाचा फोटो काढला. तो सैन्यात असताना गेला होता. मदिनाबींनी फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि मराठीतच काहीतरी म्हणाल्या. गलीना रशियनमध्ये काहीतरी म्हणाली. बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात मदिनाबींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"राहू द्या, प्रेमलाताई. तुमचा चहा निवतोय."

बाईंनी कप उचलला. समोर दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. बाहेर अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाला नुकता बहर आला होता. हे झाड त्यांनी आयुष्यभर पुस्तकांत वाचलं होतं. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि चहा संपेपर्यंत ते बघत राहिल्या.